तारण

एकतीस वर्षं लालबागच्या शाखेत
मी एकच प्रश्न विचारत आलो:
तारण काय?
सोनं, घराचे कागद, विम्याची पॉलिसी,
दोन जामीन, दोघांच्या पगाराच्या पावत्या.
माणूस समोर बसायचा, रुमालाने मान पुसायचा,
मी त्याच्या चपला बघायचो.
टाच कुठल्या बाजूने झिजलीय
त्यावरून हप्ता बुडेल की नाही ते सांगायचो.
साहेब म्हणायचे, उजागरेंना नाक आहे.

रविवारी परळच्या चर्चमध्ये
तोच शब्द पाळकांच्या तोंडून यायचा.
तारण.
मी आमेन म्हणायचो
आणि एकदाही दचकलो नाही.

निवृत्त झालो तेव्हा मंडळीने खजिना हाती दिला:
लोखंडी पेटी, तीन वह्या,
मागच्या हॉलची किल्ली.
त्या हॉलमध्ये रात्री झोपतात
कॅन्सरच्या इस्पितळात ज्यांचं कुणी आहे ते,
नांदेडचे, दरभंग्याचे, कुठले कुठले,
एक्स-रेची पाकिटं उशाखाली घालून.
भाडं नाही. फक्त नाव लिहून घेतात
शांतवनमामा, आमचे सेवक,
ज्यांना स्वतःची सहीच जेमतेम जमते.

एक केटरर आला.
महिन्याला पंच्याऐंशी हजार, सहा महिन्यांचे आगाऊ.
इकडे छप्पर गळतंय, वेदीशेजारी बालदी,
पाळकांचा पगार दोन महिने थकलेला.
मी कागद केला. रकाने आखून, लाल शाईने बेरीज.
म्हणालो, यावर देवसुद्धा सही करेल.
कमिटी हसली.
शांतवनमामा चहा ओतत होते. त्यांनी वाकून कागद पाहिला
आणि विचारलं,
"खजिनदारसाहेब, यात तारण कुठल्या रकान्यात?"

टोमणा नव्हता तो.
त्यांना त्या शब्दाचा एकच अर्थ माहीत.

उत्तर माझ्याकडे होतं, नेहमीच असतं.
पण तोंड उघडलं आणि भलतंच आठवलं:
ज्याचे कागद सगळ्यांत चोख, त्यानेच शाखा बुडवली होती.
आणि शिवडीची ती, डबे सांधणारी,
तारण नाही म्हणून जिला परत पाठवली,
तिचं पुढे काय झालं ठाऊक नाही.
ठाऊक करून घेणं माझ्या कामात बसत नव्हतं.

तरी त्या रात्री टेप घेऊन गेलोच, हॉल मोजायला.
दुसरं टोक एका मुलीने धरलं, न सांगता,
आणि आकडा वाचला: अठ्ठावीस.
मग जमिनीवर बोट ठेवून म्हणाली,
"आई इथपासून इथपर्यंत झोपते.
परवापासून कमी जागा लागेल."
मी विचारलं नाही का.
टेप सर्रकन माझ्याकडे परत आला, बोट कापलं.

प्रार्थना केली. आकाशवाणी वगैरे झाली नाही.
एवढंच सुचलं, की बाप्तिस्म्याच्या दिवशी
माझ्याकडे पगाराची पावती कुणी मागितली नव्हती.
माझ्यासाठी जामीन राहिला तो एकटाच,
आणि शुक्रवारी दुपारी तोही बुडीत खात्यात,
दोन चोरांच्या मध्ये.
कुठल्याही शाखेत त्याला वेडाच ठरवला असता.
मीच पहिला.

पुढच्या कमिटीत मी म्हणालो, मला कळत नाही.
हे वाक्य तोंडाला इतकं नवं
की दोनदा म्हणावं लागलं.
मग म्हणालो, हॉल राहू दे.
डॉक्टर शिरसाठ रागावून निघून गेले. त्यांचंही चूक नाही.

छप्पर अजून गळतं. बालदी मी ओततो.
पैसे कुठून येणार, या रकान्यात
काही लिहिलेलं नाही; तो कोरा ठेवायला
हात अजून शिकतोय.
रात्री दहाला किल्ली फिरवतो.
दाराशी माणसं चपला काढतात
आणि मी बघतो, सवय कुठे जाणार,
टाच कुठल्या बाजूने झिजलीय.
सगळे आत गेले की
वाकून त्या जोडीने लावून ठेवतो,
सकाळी लवकर निघायचं असतं त्यांना.